मोरिवाकींच्या हातावरचं लिंबू

मोरिवाकी-सानांच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही.

पत्र छोटं होतं. ब्रशने, उभ्या ओळींत लिहिलेलं. आधी त्यांच्या रीतीप्रमाणे ऋतूची विचारपूस, माझ्या प्रकृतीची चौकशी, आणि मग एक प्रश्न. ‘त्या सकाळी मी हातावर फळ घेऊन बसलो होतो, तेव्हा तुम्ही नेजदार-सानांना काही तरी म्हणालात. त्या वेळी तिथे दुसरं कुणीच बोललं नव्हतं. मग तुम्ही कशाचं भाषांतर केलंत?’

हा प्रश्न आठवला की मी अजूनही थेट त्या अंगणात जाऊन पडतो. जपानातल्या शिन्शू भागातले डोंगर, चित्रपटासाठी पाइनच्या ओंडक्यांची उभारलेली खोटी गढी, वाऱ्यावर फडफडणारी निशाणं, खिंकाळणारी घोडी, आणि मधोमध कोल्हापूरचे ज्ञानू नेजदार वस्ताद. उजव्या हातात कोपरापर्यंत चढवलेला दांडपट्टा, आणि त्या कडाक्याच्या थंडीतही मिशीवर घाम.

“मास्तर!” ते ओरडले. “हा मोरे काय म्हनतोय?”

मोरिवाकी या नावाचं त्यांनी पहिल्याच दिवशी मोरे करून टाकलं होतं.

“थांबा म्हणतायत,” मी म्हणालो.

“आता? सुटलाय की पट्टा!”

पट्टा खरंच सुटला होता. चार फुटांचं ते लवचिक पातं वस्तादांच्या भोवती असं फिरत होतं की पातं दिसेना, नुसती चकाकी दिसे. सामुराईच्या वेशातले दोन जपानी नट तलवारी उपसून पुढे यायचे आणि तेवढ्याच चपळाईने मागे सरायचे. त्यांतल्या एकाची बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उभी फाटली होती. कातडीला ओरखडासुद्धा नव्हता, पण त्या पोरसवदा नटाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो तलवार खाली ठेवून सरळ चहाच्या तंबूकडे चालू लागला.

चित्रपट होता एका दख्खनी शिपायाचा. चारशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज गलबतावर नोकरीला लागलेला हा शिपाई वादळात गलबत फुटून जपानच्या किनाऱ्याला लागतो. सामुराई त्याला पकडून डोंगरातल्या गढीत नेतात, हिवाळाभर कैदेत ठेवतात, आणि वसंत आला की तो त्यांच्याच बाजूने लढायला उभा राहतो. दिग्दर्शक कुसाकाबे-सान भारतात हिंडत असताना त्यांनी कोल्हापुरात मर्दानी खेळ पाहिले आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं, माझा शिपाई हाच. वस्तादांनी त्याआधी कॅमेरा पाहिला होता तो लग्नात.

आणि मी? मी पुण्यात दिवसा ग्रंथालयात नोकरी करायचो आणि संध्याकाळी दहा-बारा जणांना जपानी शिकवायचो. माझ्याहून चांगलं जपानी येणारे निदान तिघे पुण्यात होते. तिघांनाही तीन महिन्यांची रजा मिळेना, म्हणून वस्तादांचा दुभाषा मी. विमानात बसेपर्यंत मला वाटत होतं, कुणीतरी येऊन सांगेल की गल्लत झाली, तुम्ही उतरा.

तर मोरिवाकी-सान. चित्रपटांतल्या तलवारबाजीचे ते गुरू. साठीचे, काटकुळे, ताठ. हातातल्या बांबूच्या काठीने ते जमिनीवर ठिपके काढायचे आणि नट त्या ठिपक्यांवर पाय टाकत लढायचे. पहिला ठिपका, वार. दुसरा ठिपका, अडवणूक. तिसरा, माणूस पडला. ते माझ्यापाशी आले आणि हळू आवाजात बोलले. मी जमिनीकडे बघत ऐकलं.

“काय म्हनतोय?” वस्तादांनी विचारलं.

“ते म्हणतात, तलवार मनगटात असते. तुमच्या या हत्याराने मनगटच बांधून टाकलंय.”

“मनगट न्हाई फिरत. आक्खा मानूस फिरतो. सांगा त्येस्नी.”

मी सांगितलं. मोरिवाकी-सान आणखी काही बोलले.

“आनि?”

मी चष्मा पुसला. “म्हणतात, हे जत्रेत दाखवायला चांगलं आहे. लढाईचं नाही.”

माझे जपानीचे गुरुजी सांगायचे, दुभाष्याने खिडकीच्या काचेसारखं असावं. अलीकडच्याला पलीकडचा दिसावा, काच कुणाला दिसू नये. हे वाक्य मला फार आवडायचं. माझ्यासारख्या माणसाला जगात एवढीच जागा हवी होती. पण त्या दिवशी काच असणं किती अवघड असतं ते कळलं, कारण वस्ताद चिडले नाहीत. त्यांनी पट्टा थांबवला, खोबणीतून हात काढला आणि पातं मांडीवर घेऊन पुसत बसले.

दुपारी कुसाकाबे-सानांनी आम्हाला तंबूत बोलावलं. माणूस गोड, पण कात्रीत सापडलेला. बर्फ लवकरच पडणार होतं, आणि पडलं की अंगणातली दृश्यं संपली. ते म्हणाले, नट घाबरलेत, मोरिवाकी-सान ऐकत नाहीत. परवा सकाळी कैद्याच्या परीक्षेचं दृश्य घ्यायचंच आहे. गढीच्या धन्यासमोर कैदी आपलं हत्यार चालवून दाखवतो आणि त्याचा जीव वाचतो, ते दृश्य. तोवर काही जमलं नाही, तर चेहरा वस्तादांचा ठेवू, लढाई आमचा माणूस साध्या तलवारीने करील.

“म्हंजी मी ऱ्हानार,” वस्ताद म्हणाले.

“हो.”

“आन पट्टा?”

मी विचारलं. कुसाकाबे-सानांनी मान खाली घातली.

“पट्टा पेटीत जाईल,” मी म्हणालो.

बाहेर आल्यावर वस्ताद चालतच राहिले. घोड्यांच्या दावणीपाशी थांबून एका घोड्याची मान थोपटत म्हणाले, “मास्तर, मी हितं का आलो, ठावं हाय?”

“सिनेमासाठी.”

“सिनेमा गेला चुलीत. आमच्या पेठेत कराटेचा क्लास निगालाय. पांढरी कापडं घालत्यात, हू हा करत्यात. तालमीतली सगळी पोरं तिकडं. सांजंला मी एकटा दिवा लावून बसतो. मग ह्यो कुसाकाबे आला. म्हनलं, जपानच्या मागं पळतायसा न्हवं? मग जपानच्याच सिनेमात पट्टा दावतो तुमास्नी. मग बगू कसं येत न्हाईत.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “आमचे वस्ताद जाताना म्हनले हुते, ग्यानू, ह्येला पेटीत ठिवू नगंस.”

मी बुटांकडे बघत उभा राहिलो.

“आनि तुमी बोलताना मानसाकडं का बगत न्हाई वो? बुटाशी बोलतासा.”

“सवय आहे.”

“वाईट सवय हाय,” ते म्हणाले आणि हसले.

आमच्या विश्रामगृहात गरम पाण्याचं सामायिक स्नानगृह होतं. तिथे उघडं होऊन उतरायचं असतं. मी पहिल्या दिवसापासून टाळत आलो होतो आणि वस्ताद लंगोट सोडायला तयार नव्हते. “वस्तादापुढं बी सोडला न्हाई कवा,” म्हणायचे. त्या संध्याकाळी मात्र ते मला ओढतच घेऊन गेले. अंग थंडीने आखडलं होतं. आत गेलो तर कपडे उतरवण्याच्या जागी मोरिवाकी-सान. त्यांनी अंगरखा काढला आणि वस्ताद जागच्या जागी खिळले.

आत लंगोट होता. कमरेभोवती गुंडाळून मागे पीळ घालून खोचलेला पांढरा कापडी पट्टा. जुन्या वळणाचे जपानी पुरुष अजून तो नेसत.

“अगं आई गं,” वस्ताद म्हणाले. “मास्तर, ह्यो तर आपल्यातला हाय!”

मोरिवाकी-सानांनी वस्तादांच्या लंगोटाकडे पाहिलं. मग वस्तादांनी, न विचारता, जवळ जाऊन स्वतःची गाठ त्यांना दाखवली. मोरिवाकी-सानांनी ती निरखली, मान हलवली आणि आपला पीळ दाखवला. दोघं कपड्याची टोकं धरून चांगला वेळ उभे होते. मला काहीच भाषांतर करावं लागलं नाही. मी टॉवेल घट्ट धरून भिंतीकडे तोंड करून होतो.

खोलीत परतताना वस्तादांना विश्रामगृहाच्या दारात एक टोपली दिसली. पिवळीधमक फळं, सुरकुतल्या सालीची. युझू. त्यांनी एक उचललं, हुंगलं.

“ह्ये लिंबू का वो?”

“त्याच जातीचं.”

“ईडलिंबाचं पोर दिसतंय.” त्यांनी ते वर उडवून झेललं, आणि त्यांचे डोळे एकदम चमकले. “मास्तर! लिंबू काटू या की!”

मर्दानी खेळात ही गोष्ट मी लहानपणी एकदा पाहिली होती. माणूस तळहातावर लिंबू घेऊन उभा राहतो, पट्टेकरी फिरत फिरत येतो, लिंबाचे दोन तुकडे होतात, तळहाताला काही होत नाही.

“नट लांब पळत्यात ना? त्येंच्या अंगाला पट्टा लावायचाच न्हाई. धन्याच्या म्होरं एक म्हातारा सामुराई हात फुडं करंल, हातावर लिंबू. कैद्यानं काटलं तर जीव वाचला. काय?”

मला शहारा आला. भीतीने आला की आनंदाने, ते मला अजून सांगता येत नाही.

“चला, करून बगू. हात करा फुडं.”

“माझा?”

“काठीनं करतो. भ्या नगा.”

मी तळहातावर युझू घेतला. वस्तादांनी छत्रीची काठी घेतली आणि त्या लहानशा खोलीत सरसर फिरू लागले. काठीचा वारा गालाला लागला आणि माझे डोळे आपोआप मिटले. काठी थांबली.

“डोळं उगडा.”

उघडले.

“माझ्या डोळ्यांकडं बगा. काठीकडं न्हाई, हाताकडं न्हाई. डोळ्यांत डोळं.”

पुन्हा वारा, पुन्हा मिटले. तिसऱ्यांदाही तेच. वस्ताद खाली बसले आणि मला समजावू लागले, तालमीतल्या पोराला समजवावं तसं. “ह्ये बगा. आमच्या तालमीची आन हाय. ज्येच्या हातावर लिंबू, त्येच्या हातचा गूळ आदी खायाचा. आन त्येनं डोळं मिटलं तर वार करायचा न्हाई. डोळं मिटलं म्हंजी त्येचा भरोसा न्हाई. भरोसा न्हाई त्येच्यावर पातं टाकायचं न्हाई. मग पब्लिक हसू दे, शिट्ट्या मारू दे, पट्टा खाली ठिवायचा.”

“मला नाही जमणार, वस्ताद.”

“व्हय,” ते मायेने म्हणाले. “तुमचं काम न्हवं.”

सकाळी मी कुसाकाबे-सानांना कल्पना सांगितली. शब्द अडखळत होते, तरी अर्ध्यावरच ते खुर्चीतून उठले. “युझू! हातावर! खऱ्या पात्याने!” ते तंबूत फेऱ्या मारू लागले. म्हाताऱ्या सामुराईचं काम करणाऱ्या नटाला विचारलं, त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि नम्रपणे नाही म्हटलं. दुसऱ्याला विचारलं, त्याला पियानो वाजवायचा छंद होता. दाराशी मोरिवाकी-सान काठी टेकून उभे होते.

“मी बसतो,” ते म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. ते कधी पडद्यावर येत नसत.

“जत्रेतला खेळ असेल तर माझा हात जाईल,” ते मला म्हणाले. “लढाईचं हत्यार असेल तर राहील. हे त्यांना सांगा. जसंच्या तसं.”

मी सांगितलं. वस्तादांनी मिशीला पीळ दिला. “मोरेस्नी म्हनावं, हात घिऊनच घरी जाशीला.”

हेही सांगितलं. मोरिवाकी-सानांच्या ओठांची एक कड हलली. त्या तीन महिन्यांत मी त्यांचं हसू म्हणून जे पाहिलं ते एवढंच.

गुळाचा प्रश्न होता. कोल्हापूरच्या माणसाला शिन्शूत गूळ कुठून आणून द्यायचा? स्वयंपाकघरातल्या बाईंनी दक्षिणेकडच्या बेटांवरची काळी साखर काढून दिली, खडबडीत, ढेपेसारखी. वस्तादांनी जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. “काकवीची चव हाय,” म्हणाले. “चालतंय.”

राहता राहिला माझा प्रश्न. वस्तादांना काही सांगायचं झालं तर मला जवळ असायला हवं, आणि कॅमेरा चहूबाजूंनी फिरणार होता. तेव्हा कुसाकाबे-सानांनी फर्मावलं, दुभाष्याला सामुराई करा.

चित्रीकरणाच्या सकाळी वेशभूषेच्या दोन बायकांनी मला मधे घेतलं. अंगरखा, घेरदार विजार, कमरेला दोन तलवारी, डोक्यावर पुढून तासलेल्या केसांचा टोप. मग एकीने अलगद माझा चष्मा काढून घेतला. सामुराई चष्मा लावत नव्हते. माझ्या चष्म्याचा नंबर सहा. क्षणात गढी, घोडी, निशाणं सगळी विरघळून रंगांचे डाग झाली.

वस्तादांसारखा एक डाग जवळ आला. “आयला मास्तर! तलवारबहाद्दर! आता पुन्याला गेल्यावर कोन वळकंल?”

“वस्ताद, मला काही दिसत नाहीये.”

“न्हाई दिसलं म्हनून काय झालं? तुमाला बोलायचं हाय. त्ये बी दुसऱ्याचं.”

अंगणात दोन रांगा करून सामुराई गुडघ्यांवर बसले होते. मोरिवाकी-सान पुढे, एकटे. मी त्यांच्या उजव्या खांद्यामागे, हातभर अंतरावर. आभाळ शिशासारखं झालं होतं. कुणीतरी ओरडलं, डोंगरावर बर्फ सुरू झालंय, तासाभरात इथे येईल. म्हणजे एकच संधी. पुन्हा आखणी नाही, पुन्हा लिंबू नाही. जमलं तर पट्टा चित्रपटात, नाही तर पेटीत.

वस्ताद आले. मोरिवाकी-सानांनी काळ्या साखरेचा खडा तळहातावर धरला. वस्तादांनी वाकून तो उचलला, तोंडात टाकला, जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि मागे गेले. मोरिवाकी-सानांच्या हातावर युझू ठेवला गेला. हात पुढे झाला. ढोल वाजला. कॅमेरा फिरू लागला. आवाज नंतर भरायचा होता, त्यामुळे ओरडायला बंदी नव्हती, पण त्या अंगणात श्वासाचाही आवाज नव्हता.

मग सूंऽऽ असा आवाज सुरू झाला.

मला एक चकाकणारं वर्तुळ येताना दिसत होतं. डावीकडून, उजवीकडून, पुन्हा डावीकडून. धूळ उडत होती. ते वर्तुळ जवळ आलं, इतकं जवळ की माझ्या टोपाचे केस हलले, आणि... दूर गेलं. मला वाटलं, हे ठरवलेलंच असेल. पुन्हा आलं. पुन्हा गेलं. कुसाकाबे-सान आनंदाने काही तरी पुटपुटले. त्यांना वाटत होतं, वस्ताद रंगात आलेत. तिसऱ्यांदा वर्तुळ आलं तेव्हा मला त्यात वस्तादांचा श्वास ऐकू आला. तो रंगात आलेल्या माणसाचा नव्हता.

मी मान पुढे काढून मोरिवाकी-सानांच्या चेहऱ्याकडे बघितलं. जवळचं मला दिसतं.

त्यांचे डोळे मिटलेले होते.

चेहरा शांत, पाण्यासारखा. हात दगडासारखा स्थिर. आणि डोळे मिटलेले, बुद्धाच्या मूर्तीचे असतात तसे. त्या माणसात भीतीचा लवलेश नव्हता. हे मला कळत होतं, रांगेतल्या प्रत्येक जपान्याला कळत होतं. फक्त एका माणसाला कळणार नव्हतं, आणि पट्टा त्याच्या हातात होता. डोळ्यांची आन मोरिवाकी-सानांना सांगायची राहूनच गेली होती; हा माणूस डोळे मिटेल असं कुणाला वाटलं होतं? तो आता वाट बघत फिरत होता, डोळे उघडण्याची. अजून दोन फेऱ्या, तीन, मग हात भरून येणार, आणि वस्ताद पट्टा खाली ठेवणार. जत्रेतला खेळ, म्हणतील सगळे. पेटीचं झाकण बंद.

काय बोलावं? मोरिवाकी-सानांना डोळे उघडा म्हणालो, तर ते माझ्याकडे वळतील, हात हलेल. वस्तादांना म्हणालो की ते घाबरलेले नाहीत, तर त्यांना ते पटेल कशाला? तालमीची आन डोळ्यांची होती, शब्दांची नव्हती. आणि मी तर दुभाषा. कुणी बोलल्याशिवाय माझ्याकडे शब्दच नसायचे.

वर्तुळ पुन्हा येत होतं. मी गुडघ्यांवर पुढे सरकलो, मोरिवाकी-सानांच्या खांद्यालगत खांदा आणला, हनुवटी वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने ओरडलो.

“वस्ताद! यांचे डोळे म्हणजे मी! माझ्याकडे बघा!”

समोर नुसता डाग होता. त्या डागात जिथे डोळे असतील असं वाटलं तिथे मी बघत राहिलो. पातं वाजत आलं. गालाला वारा लागला. पापण्या मिटू पाहत होत्या, मी त्यांना मिटू दिलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, तरी नाही. सूंऽऽ जवळ आलं, आणखी जवळ, आणि मग एक बारीकसा आवाज, ओलं कापड फाटावं तसा.

वास आला. सगळ्या अंगणभर, थंड हवेत, त्या फळाचा वास.

मोरिवाकी-सानांनी डोळे उघडले. युझूची दोन भकलं त्यांच्या तळहातावर उताणी पडली होती. रस बोटांमधून ठिबकत होता. त्यांनी हात उलटा केला, सुलटा केला, डोळ्यांजवळ नेला. मग एक भकल उचलून तोंडात पिळलं आणि वस्तादांसमोर वाकले. कपाळ जमिनीला टेकेपर्यंत.

“आँ, आँ, काय करतायसा!” वस्ताद धापा टाकत धावले. “वयानं मोठं हायसा. उठा!” त्यांनी मोरिवाकी-सानांना खांद्याला धरून उभं केलं आणि स्वतःच त्यांच्या पायांना हात लावला. रांगा मोडून सगळे सामुराई ओरडत होते. कुसाकाबे-सान कॅमेऱ्याच्या गाडीवरून उडी मारून आले. पहिला बर्फाचा कण माझ्या नाकावर पडला.

मोरिवाकी-सान बोलले. मी सवयीने जमिनीकडे बघितलं, मग वर बघितलं.

“ते म्हणतात, उद्यापासून ते ठिपके काढणार नाहीत. आधी तुमच्या गोलातली पहिली पायरी त्यांना शिकवा. मग ते नटांना शिकवतील.”

वस्तादांनी त्यांच्याकडे बघून मान डोलावली आणि ते माझ्या अगदी जवळ आले. मग म्हणाले, “मास्तर, एक इचारू? तुमी कुटं बगत हुतासा?”

“तुमच्या डोळ्यांकडे.”

“डोळ्यांकडं कुटलं? माझ्या डाव्या कानाकडं बगत हुतासा!” ते इतके हसले की मिशीवरचं बर्फ झडलं. “पन पापनी हलली न्हाई. ह्ये खरं.”

पुढचे दोन महिने मी होतो तितका खूश आधी कधी नव्हतो. बर्फातली ती लढाई! पन्नास घोडी डोंगरउतारावरून सुटलेली, निशाणं आडवी झालेली, आणि मधोमध वस्ताद फिरतायत, आणि त्यांच्या गोलाच्या कडेकडेने, पाण्याच्या भोवऱ्यात पानं फिरावीत तसे, मोरिवाकी-सानांनी शिकवलेले सामुराई फिरतायत. मनगटवाले आणि बिनमनगटाचे. कुणालाही ओरखडा नाही. संध्याकाळी स्नानगृहात ते दोघे हवेत हात फिरवत भांडायचे आणि मी पाण्यात बसून दोघांची बाजू दोघांना सांगायचो. हो, मी उतरायला लागलो होतो.

मग पुणे, ग्रंथालय, आणि वसंतात ते पत्र. पत्राखाली आणखी दोन ओळी होत्या. ‘दृश्यात तुमचे ओठ हलताना दिसतात. तिथे आवाज भरायचा आहे. दिग्दर्शक दुसरं काही लिहायला तयार आहेत, मी नाही म्हटलं. तुमचे शब्द कळवा.’

मी लिहायला बसलो. कितीदा बसलो. ‘ते भाषांतर नव्हतं, ते माझे शब्द होते’, एवढंच लिहायचं होतं. पण कागदावर उमटलं की वाटे, काय ही फुशारकी! काचेने स्वतःचं नाव काचेवरच रंगवावं तसं. शिवाय जपानी बरोबर जमलंय का, आदरार्थी रूप चुकलं का. फाडलं, पुन्हा लिहिलं. आवाज भरायची वेळ टळून गेली. मग उशीर झाला म्हणून लिहिलं नाही, आणि मग फारच उशीर झाला म्हणून. चित्रपट इकडे कधी लागला नाही. कुसाकाबे-सानांनी एक रीळ कोल्हापूरला पाठवलं होतं, तालमीच्या भिंतीवर दाखवलं, पोरं छपरावर चढून बघत होती, असं वस्तादांनी एकदा फोनवर ओरडून सांगितलं. तालीम भरली. वस्ताद गेले तेव्हा त्यांचा पट्टा हातांवर घेऊन चालणारी पोरं मोजता येत नव्हती म्हणतात.

गेल्या महिन्यात, जवळजवळ चाळीस वर्षांनी, पुण्यात एका चित्रपट मंडळाने तो चित्रपट दाखवला. नवी स्वच्छ प्रत. मी शेवटच्या रांगेत बसलो, चष्मा दोनदा पुसून. अंगण आलं, ढोल आला, म्हातारा सामुराई हात पुढे करून बसला. चकाकणारं वर्तुळ आता मला नीट दिसत होतं, आणि त्यातले वस्तादांचे डोळे, आशेने भरलेले, थकत चाललेले. मग म्हाताऱ्याच्या खांद्यामागून एक तरुण सामुराई पुढे आला. टोप थोडा वाकडा. हनुवटी वर. डोळे इतके उघडे की कॅमेरासुद्धा त्याच्यावरून हलला नाही.

त्याचे ओठ हलले.

आवाज आला नाही. वारा होता, पट्ट्याचा सूंऽऽ होता, कुठे तरी घोडं फुरफुरलं. त्या ओठांची जागा मात्र त्यांनी मोकळी ठेवली होती. दुसऱ्या कुणाचे शब्द तिथे घातले नव्हते.

माझ्या शेजारी बसलेली मुलगी तिच्या मित्राला कुजबुजली, “काय म्हणाला रे तो?”

“काय माहीत,” तो म्हणाला. “पण बघ ना, त्यानंतरच मारलं त्याने.”

घरी येऊन मी पत्र लिहिलं. एकाच बैठकीत, न फाडता. मोरिवाकी-सान असले तर शंभरीच्या आसपास असतील. नसले तर त्या पत्त्यावर कुणी तरी असेल. आदरार्थी रूपं बहुधा दोन ठिकाणी चुकली आहेत. जाऊ देत. लिहिलं की त्या दिवशी मी कशाचंही भाषांतर केलं नव्हतं. ते वाक्य माझं होतं. मग ते वाक्य मराठीत लिहिलं, वस्तादांनी ऐकलं तसं, आणि खाली जपानीत.

पोस्टात खिडकीपलीकडच्या बाईंनी पाकीट वजनावर ठेवलं, पत्ता वाचला.

“जपान? साधं पाठवू की लवकर जाणारं? अर्जंट आहे का, काका?”

मी पाकिटाकडे बघत होतो. मान वर केली आणि काचेतून त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं.

“हो,” मी म्हणालो. “फार अर्जंट आहे.”

त्यांनी शिक्का मारला आणि पत्र मागच्या पिशवीत टाकलं.